लुकर स्टुडिओ आणि बिगक्वेरीची जोडणी : एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या वापरातून केलेले परीक्षण

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील सभासदांकडून सोयाबीन, तूर आणि हरभरा खरेदी करणाऱ्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या आकडेवारीचे काम मी पाहतो. त्यासाठी आम्ही बिगक्वेरी हे गुगलचे क्लाउडवरील माहितीकोठार आणि त्यातली माहिती आलेखांत मांडणारे लुकर स्टुडिओ ही दोन साधने एकत्र वापरतो. मराठवाड्यातील लहान संस्थेने ही जोडी घ्यावी का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र त्याला एक अट आहे आणि हे सगळे परीक्षण त्या अटीभोवतीच फिरते : खरेदीच्या मूळ नोंदींचा तक्ता डॅशबोर्डला, म्हणजे आलेखांच्या पानाला, कधीही थेट जोडू नये. मूळ नोंदी आणि आलेख यांच्या मध्ये विचारपूर्वक तयार केलेला एक लहान सारांश तक्ता असावा. खर्च, वेग, तारखांचा गोंधळ, गावांची दुहेरी नावे आणि सभासदांच्या खासगी माहितीची सुरक्षितता हे सगळे प्रश्न त्या एका तक्त्यापाशी सुटतात किंवा तिथेच अडतात.

आमची गरज साधी होती. हंगामात प्रत्येक गोदामावर काटापट्टी फाडली जाते. तिच्यावर वजन, ओलावा, कट्ट्यांची संख्या, भाव, हमाली आणि तोलाई यांची नोंद असते. संचालक मंडळाला रोज संध्याकाळी एवढेच हवे असते की आज आवक किती झाली, सरासरी भाव काय पडला, तो हमीभावाच्या वर होता की खाली, आणि कोणत्या गोदामात जागा संपत आली आहे. प्रत्येक गोदामाची वेगळी एक्सेल फाइल असताना ही चार उत्तरे एकत्र मिळण्यास रात्र होत असे, आणि तोवर दुसऱ्या दिवशीच्या सौद्यासाठी काही ठरवण्याची वेळ निघून गेलेली असे.

प्रत्यक्ष जोडणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, आणि हीच तिची पहिली जमेची बाजू आहे. लुकर स्टुडिओ २०१६ मध्ये डेटा स्टुडिओ या नावाने आले आणि २०२२ मध्ये त्याला लुकर स्टुडिओ हे नाव मिळाले. बिगक्वेरीही त्याच कंपनीचे असल्यामुळे दोघांमध्ये वेगळा ड्रायव्हर, गेटवे किंवा स्वतंत्र सर्व्हर लागत नाही. नवीन डेटा सोर्स, म्हणजे आलेखांना माहिती पुरवणारी जोडणी, तयार करताना बिगक्वेरीचा कनेक्टर निवडायचा, परवानगी द्यायची, मग प्रोजेक्ट, डेटासेट (तक्त्यांचा गट) आणि तक्ता निवडायचा, की रकान्यांची यादी समोर येते. ज्याने कधी एसक्यूएल या तक्त्यांतून माहिती मागण्याच्या भाषेची एक ओळही लिहिलेली नाही, असा गोदामाचा हिशोबनीससुद्धा इथपर्यंत न अडखळता पोहोचतो. मात्र त्याआधी, डेटासेट तयार करताना, ठिकाणाचा रकाना काळजीपूर्वक भरला पाहिजे. काही न निवडल्यास माहिती अमेरिकेतील ठिकाणी ठेवली जाते. भारतात मुंबई आणि दिल्ली ही दोन ठिकाणे उपलब्ध आहेत आणि एकदा निवडलेले ठिकाण नंतर बदलता येत नाही, सगळे तक्ते नव्या डेटासेटमध्ये नकलून न्यावे लागतात. आपल्याकडच्या संस्थेने मुंबई निवडावे आणि तो प्रश्न तिथेच मिटवावा.

सुरुवात करणाऱ्यांना बिगक्वेरीची सँडबॉक्स सोय आकर्षक वाटते, कारण तिला बँकेचे कार्ड लागत नाही आणि १० जीबी साठवण व दरमहा १ टीबीपर्यंतच्या क्वेरी, म्हणजे तक्त्यांकडे केलेल्या माहितीच्या मागण्या, विनामूल्य मिळतात. शिकण्यासाठी ती उत्तम आहे. हंगाम चालवण्यासाठी मुळीच नाही. सँडबॉक्समधील तक्ते ६० दिवसांनंतर आपोआप नाहीसे होतात, आणि तारखेनुसार पार्टिशन केलेल्या, म्हणजे तुकड्यांत विभागलेल्या, तक्त्यात ही मुदत त्या-त्या पार्टिशनच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणजे गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरमधील आवक आज तिथे भरली, तर ती भरल्याबरोबर मुदतबाह्य ठरते आणि डॅशबोर्ड कोराच राहतो. शिवाय नोंदी दुरुस्त करणाऱ्या क्वेरी आणि ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या क्वेरी सँडबॉक्समध्ये चालत नाहीत, त्यामुळे सारांश तक्ता रोज आपोआप नव्याने तयार करण्याची वाटच बंद होते. बिलिंग सुरू केले तरी दरमहाची विनामूल्य मर्यादा कायम राहते, म्हणून खऱ्या कामाला हात घालण्यापूर्वी बिलिंग सुरू करणेच शहाणपणाचे आहे. मात्र बिलिंग सुरू केल्याने आधीच्या तक्त्यांना लागलेली मुदत आपोआप निघत नाही. ती हाताने काढावी लागते.

खर्चाचा हिशोब इथे थोडा सविस्तर मांडतो, कारण जिल्ह्याच्या ठिकाणच्या संस्था क्लाउडला बिचकतात त्या याच कारणाने. बिगक्वेरीच्या नेहमीच्या पद्धतीत पैसे लागतात ते क्वेरीने वाचलेल्या माहितीच्या आकारमानावर. अमेरिकेतील केंद्रांसाठी हा दर १ टीबीला ६.२५ डॉलर आहे आणि ठिकाणानुसार तो बदलतो. माहिती रकान्यांनुसार साठवलेली असल्यामुळे जेवढे रकाने मागाल तेवढेच वाचले जातात. सगळे रकाने मागून शेवटी शंभरच ओळी दाखवा असे सांगितले, तरी साध्या तक्त्यावर खर्च पूर्ण रकान्यांचाच होतो. आता डॅशबोर्डचे गणित पाहा. पानावरचा प्रत्येक आलेख आपली स्वतंत्र क्वेरी पाठवतो, आणि पाहणाऱ्याने गोदाम किंवा तारीख बदलली की ती साधारणपणे पुन्हा जाते. समजा मूळ तक्त्यावर बसवलेला एक आलेख २०० एमबी वाचतो आणि पानावर असे १० आलेख आहेत. मग पान एकदा उघडणे म्हणजे सुमारे २ जीबी, आणि महिन्याची १ टीबी विनामूल्य मर्यादा पान सुमारे ५०० वेळा उघडल्यावर संपते. वीस माणसांनी महिन्यातले पंचवीस दिवस रोज एकदा पान उघडले, की झाले ५००. तेच दहा आलेख दिवस, गोदाम आणि पीक यांच्या बेरजा ठेवणाऱ्या लहान सारांश तक्त्यावर बसवले, तर प्रत्येक क्वेरीला किमान आकारणी होते ती १० एमबीची. पान एकदा उघडणे १०० एमबीत भागते आणि त्याच विनामूल्य मर्यादेत ते दहा हजारांहून अधिक वेळा उघडता येते. तक्ता बदललेला नसताना तीच क्वेरी २४ तासांत पुन्हा आली, तर साठवून ठेवलेले उत्तर सहसा विनामूल्य मिळते, तो फायदा निराळाच. बाहेरून सीएसव्ही फाइल आणून भरण्याला तर पैसेच पडत नाहीत.

याच विषयातील एक गोष्ट प्रत्येक संस्थेच्या सचिवाने समजून घेतली पाहिजे. बिलिंगमध्ये ठरवलेले बजेट ओलांडले की इशारा देणारी ईमेल येते, पण त्याने खर्च थांबत नाही. खर्चाला खरोखरचा बांध घालायचा असेल, तर प्रोजेक्टच्या कोटा विभागात जाऊन एका दिवसात किती माहिती वाचू द्यायची याची मर्यादा स्वतः घालावी लागते. ती ओलांडल्यावर क्वेरी नाकारल्या जातात आणि आलेखांच्या जागी त्रुटीचा संदेश दिसतो. ऐन हंगामात तसा संदेश दिसणे गैरसोयीचे आहे हे मान्य, परंतु शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर चालणाऱ्या कंपनीने अनपेक्षित बिलापेक्षा ती गैरसोय पत्करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

माहिती किती ताजी दिसावी हे डेटा सोर्सच्या ताजेपणाच्या सेटिंगवर ठरते. बिगक्वेरीसाठी ते मुळात १२ तास असते आणि अगदी एका मिनिटापर्यंत खाली आणता येते. सारांश तक्ता दर तासाला तयार होत असेल तर हे सेटिंगही एका तासाचेच असावे. त्याहून कमी ठेवल्याने नवे काहीच दिसत नाही, फक्त क्वेरी वाढतात. उलट बारा तासांवरच राहू दिले, तर सकाळी पान उघडलेल्या संचालकाला दुपारीही सकाळचीच आवक दिसू शकते आणि तो गोदामावर फोन करून नोंदी का केल्या नाहीत असे विचारतो. दोष कोणाचाच नसतो.

तारखांचा प्रश्न अधिक खोल आहे. बिगक्वेरीतील टाइमस्टॅम्प हा तारीख आणि वेळ एकत्र नोंदवणारा प्रकार जागतिक प्रमाणवेळ मानतो, जी आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तासांनी मागे आहे. त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची प्रत्येक नोंद, वेळेचे रूपांतर केले नाही तर, आदल्या दिवसाच्या आवकेत जाऊन बसते. बाजार समितीचा सौदा दिवसा होतो, म्हणून तिथे हे कदाचित लक्षातही येणार नाही. पण सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत मळणी आटोपून रात्री निघालेले ट्रॅक्टर पहाटे गोदामाच्या दारात उभे असतात आणि त्यांचा काटा उजाडण्यापूर्वीच होतो. म्हणून सारांश तक्ता तयार करतानाच टाइमस्टॅम्पचे एशिया-कोलकाता या वेळेनुसार तारखेत रूपांतर करून तारीख स्वतंत्र रकान्यात ठेवावी आणि आलेखांना फक्त तीच तारीख द्यावी. पावसाची आकडेवारी शेजारी मांडायची झाली तर आणखी एक दिवस समोर येतो : हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला संपतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरली जाते, आणि ती रेषा आलेखावर दाखवायची असेल तर ते २४ तास कुठून कुठवर मोजले आहेत हे तक्त्याच्या पातळीवर एकदाच ठरलेले हवे. प्रत्येक आलेखात ते वेगवेगळे ठरवले, तर एकाच पानावरील दोन आलेख एकाच पावसाच्या दोन तारखा सांगतील.

देवनागरीच्या बाबतीत ही जोडी मी भरवशाची मानतो. रकान्यांना मराठी नावे देता येतात, आलेखांची शीर्षके आणि गाळण्या मराठीत ठेवता येतात, आणि संचालक मंडळातील ज्येष्ठ शेतकऱ्यांना ‘आवक’, ‘सरासरी भाव’, ‘शिल्लक जागा’ असे शब्द पडद्यावर दिसल्यावर पान समजावून सांगावे लागत नाही. अडचण असते ती माहितीत. जुन्या सॉफ्टवेअरमधून निघालेल्या याद्यांमध्ये गावांची नावे युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली असतील, तर ती आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय बिगक्वेरीत निरर्थक अक्षरांचा ढीग जमा होतो. युनिकोडमध्येही एक सूक्ष्म सापळा आहे : ‘शेतकऱ्याकडून’ या शब्दातील ऱ्य काही कळफलक एका प्रकारच्या संकेताने लिहितात, काही दोन संकेत जोडून, तर काही अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर सगळे सारखेच दिसते, परंतु संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात आणि ‘शेतकऱ्याकडून थेट खरेदी’ या एकाच प्रकाराचे आलेखात दोन-तीन स्तंभ उभे राहतात. पहिल्या दोन प्रकारांचा मेळ बिगक्वेरीतील नॉर्मलाइझ हे फंक्शन घालते. तिसऱ्यासाठी जोडचिन्ह वेगळे शोधून बदलावे लागते.

जिल्ह्यांच्या नावांचेही तसेच आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, त्यामुळे त्या वर्षाच्या अलीकडची आणि पलीकडची आकडेवारी एकत्र केली की आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यात आलेखावर दहा जिल्हे दिसू लागतात. नावावरून जोडणी न करता केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतील जिल्हा, तालुका आणि गाव यांचे सांकेतिक क्रमांक वापरावेत आणि नाव फक्त दाखवण्यापुरते एका वेगळ्या छोट्या तक्त्यातून घ्यावे. लुकर स्टुडिओत पाचपर्यंत तक्ते एकमेकांत मिसळण्याची सोय आहे, पण अशा जोडण्या तिथे करू नयेत. त्या मंद असतात, आणि संख्या का चुकली हे नंतर शोधणाऱ्याला कुठे पाहावे ते कळत नाही. जोडणी बिगक्वेरीत करावी आणि आलेखाचे काम आलेखाकडे ठेवावे.

परवानग्यांबद्दल मला सर्वाधिक आग्रहाने लिहायचे आहे. डेटा सोर्स तयार करणाऱ्याचे अधिकार वापरून माहिती दाखवायची, की पाहणाऱ्याचे स्वतःचे अधिकार तपासायचे, असा पर्याय लुकर स्टुडिओ देते. पहिला पर्याय सोपा असल्यामुळे बहुतेक जण तोच ठेवतात, आणि मग डॅशबोर्ड लिंकवरून सर्वांना खुला ठेवला असेल, तर ती लिंक ज्याच्या हाती पडते त्याला तयार करणाऱ्याच्या नजरेने सगळे दिसते. आमच्या मूळ तक्त्यात सभासदाचा बँक खाते क्रमांक आणि सातबाऱ्याचा तपशील असतो, कारण पैसे खात्यात जमा करण्यासाठी तो लागतोच. डेटा सोर्समध्ये असलेला कोणताही रकाना अहवालाच्या संपादकाला आलेखात आणता येतो, आणि मालकाने तशी बंदी घातली नसेल तर पाहणाऱ्यालाही आलेखामागची माहिती फाइलच्या रूपात उतरवून घेता येते. शेतकऱ्याने विश्वासाने दिलेला खाते क्रमांक व्हॉट्सअॅप गटातील एका लिंकमधून बाहेर जाऊ शकतो, ही शक्यता कोणत्याही संस्थेला परवडणारी नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ती केवळ नैतिकतेची बाब उरलेली नाही. सारांश तक्त्यात व्यक्तीची कोणतीच ओळख नसते, बेरीज असते. तो वेगळ्या डेटासेटमध्ये ठेवून डॅशबोर्डच्या जोडणीसाठी वापरलेल्या खात्याला फक्त त्याच डेटासेटचा वाचन अधिकार आणि क्वेरी चालवण्याचा अधिकार दिला, की लिंक कुठेही गेली तरी खाते क्रमांक जागेवरच राहतो. प्रत्येक गोदाम व्यवस्थापकाला आपल्याच गोदामाच्या नोंदी दिसाव्यात असे हवे असेल, तर पाहणाऱ्याच्या ईमेलवरून ओळी गाळण्याची सोय दोन्ही साधनांत आहे आणि ती वापरावी.

तयार करणाऱ्याच्या अधिकारांचा दुसरा धोका लहान संस्थांना नेमका भोवतो : ते काम करणारी व्यक्ती नोकरी सोडून गेली आणि तिचे खाते बंद झाले, की डॅशबोर्डही बंद पडतो. सर्व्हिस अकाउंटच्या, म्हणजे व्यक्तीशी न बांधलेल्या यांत्रिक खात्याच्या, नावाने जोडणी करणे हा त्यावरचा योग्य उपाय आहे, मात्र त्यासाठी गुगल वर्कस्पेस किंवा क्लाउड आयडेंटिटीचे संस्थेचे खाते लागते. साध्या जीमेल खात्यावर ती सोय मिळत नाही. निदान डेटा सोर्सची मालकी संस्थेच्या नावाच्या खात्याकडे ठेवावी आणि त्याचा पासवर्ड अध्यक्ष व सचिव या दोघांकडे असावा.

आलेखांचा दर्जा पुरेसा चांगला आहे, विलक्षण नाही. मोठे आकडे संक्षिप्त करून दाखवताना साधन हजार आणि दशलक्ष या पद्धतीने जाते. लाखांत दाखवायचे तर रकमेला एक लाखाने भागणारा स्वतंत्र रकाना करावा लागतो. हमीभावाची आडवी रेषा आलेखावर स्थिर आकड्याने काढता येते, पण सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि २०२५-२६ साठी तो ५,३२८ रुपये झाला, त्यामुळे दोन हंगाम एकाच आलेखात असतील तर स्थिर रेषा खोटी ठरते. हमीभाव हंगामानुसार सारांश तक्त्यातच रकाना म्हणून आणला, की रेषा योग्य ठिकाणी पायरी चढते. मोबाइलवर रुंद पान नीट वाचता येत नाही, म्हणून फोनसाठी अरुंद, एका स्तंभाचे वेगळे पान करणे मला आवश्यक वाटते. इंटरनेट नसेल तर डॅशबोर्ड उघडत नाही, आणि वीज गेली की अनेक गावांत इंटरनेटही जाते. अशा ठिकाणच्या संचालकांसाठी ठरलेल्या वेळी अहवालाची पीडीएफ ईमेलने पाठवण्याची विनामूल्य सोय फार उपयोगी पडते. रेंज मिळाली की ती फाइल उतरते आणि नंतर केव्हाही वाचता येते.

पर्यायांपैकी पॉवर बीआयचे आलेख आणि गणिती भाषा निश्चितच अधिक समर्थ आहेत आणि तेही बिगक्वेरीला जोडता येते, परंतु अहवाल तयार करण्याचा त्याचा मुख्य प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालतो आणि सहकाऱ्यांना अहवाल वाटायचा तर साधारणपणे प्रत्येकासाठी सशुल्क परवाना लागतो. संचालक, गोदाम व्यवस्थापक आणि हिशोबनीस मिळून वीस जणांच्या संस्थेला तो खर्च दरमहा करावा लागेल. मेटाबेस आणि सुपरसेट ही मुक्त साधने स्वतःच्या सर्व्हरवर विनामूल्य चालवता येतात. तो सर्व्हर सांभाळणारा जाणकार माणूस संस्थेत असेल तर त्यांचा विचार जरूर करावा. आणि ज्यांचे एकच गोदाम आहे, वर्षाच्या पट्ट्या एका गुगल शीटमध्ये मावतात, त्यांनी बिगक्वेरी घेऊच नये; लुकर स्टुडिओ थेट शीटला जोडता येते. त्यांनी शीटमध्येच वेगळ्या पानावर दिवसांच्या बेरजा करून डॅशबोर्डला फक्त तेच पान जोडावे, आणि खाते क्रमांकांची यादी त्या फाइलमध्ये न ठेवता वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी.